अनेक वह्यांची एकबेरीज

भिलाईहून उत्तरेकडे निघाले की पोलादाच्या कारखान्याची धुराडी हळूहळू मागे पडतात आणि रस्त्याच्या कडेच्या झाडांवर पांढुरकी धूळ दिसू लागते. ही चुनखडीची धूळ. नंदिनीच्या खाणी जवळ आल्याची ती खूण आहे. या खाणींना लागून अहिवारा नावाचे एक लहानसे शहर आहे. भिलाईच्या कारखान्याचा सोव्हिएत रशियाशी झालेला करार २ फेब्रुवारी १९५५ चा. त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तिला लोहखनिज मिळाले दल्ली-राजहऱ्याचे, डोलोमाइट हिर्रीचा आणि चुनखडी नंदिनीची. खनिजातील वाळूसारखा अशुद्ध भाग चुनखडीशी संयोग पावून मळीच्या रूपाने वर तरंगतो आणि लोखंड खाली राहते. त्या मळीपासून पुढे सिमेंट होते, आणि सिमेंटलाही चुनखडी लागतेच. तेव्हा या भागात रात्रंदिवस काही ना काही वाहून नेले जात असते. दगड, मळी, सिमेंट, कोळसा; आणि पावसाळा सरून सुगी आली की धान.

विदर्भातली अनेक मराठी कुटुंबे कारखान्याच्या निमित्ताने या बाजूला येऊन स्थिरावली. माझ्या थोरल्या बहिणीचे घर त्यांपैकीच एक. तिचा मुलगा अहिवाऱ्यात एका मालवाहतूक संस्थेत हिशेबाचे काम पाहतो. मी स्वतः आयुष्यभर हिशेब तपासनिसाचे काम केले. त्यामुळे घरात कोणाचा ताळा जमेनासा झाला की मला बोलावणे येते. काही वर्षांपूर्वी असेच बोलावणे आले. फोनवर भाचा म्हणाला, "मामा, आमच्या मालकांना डॅशबोर्ड घ्यायचा आहे. बाजारात दहा तऱ्हेचे आहेत. तुम्ही एकदा येऊन पाहाल का?"

डॅशबोर्ड हा शब्द आता आपल्या कानांना सरावाचा झाला आहे. पण त्याचा उगम मोठा गमतीचा आहे. घोडागाडीच्या पुढच्या बाजूस, घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून जी फळी लावीत, तिला हे नाव होते. मोटारी आल्या, घोडा गेला, पण चालकापुढची फळी राहिली आणि तिच्यावर वेग, तेल, उष्णता दाखविणाऱ्या तबकड्या बसल्या. आता तर गाडीही नाही. संस्थेच्या निरनिराळ्या नोंदींतून आपोआप आकडे गोळा करून ते आलेखांच्या रूपाने एका पडद्यावर मांडणाऱ्या साधनाला आपण डॅशबोर्ड म्हणतो. चिखल अडविण्याचे त्याचे मूळ काम मात्र कोणाच्या लक्षात राहिलेले नाही.

मी गेलो तेव्हा भाच्याने मला संस्थेच्या साऱ्या वह्या दाखविल्या. 'वह्या' हा माझ्या सवयीचा शब्द. वास्तविक त्यांतील बहुतेक कागदावर नव्हत्याच. माल भरताना खाणीच्या काट्यावर होणाऱ्या वजनाची नोंद ही एक. माल उतरताना दुसऱ्या काट्यावर होणाऱ्या वजनाची ही दुसरी. पेट्रोल पंपावरून महिनाअखेरीस येणारी डिझेलची यादी ही तिसरी. प्रत्येक गाडीवर बसविलेले यंत्र गाडी कोठे आहे हे दर काही क्षणांनी उपग्रहांच्या साहाय्याने टिपत असते, ती चौथी. टोलनाक्यावर फास्टॅगमधून वळते होणारे पैसे ही पाचवी. जमाखर्च टॅलीमध्ये, ही सहावी. आणि सातवी म्हणजे मुनीमजींची लाल कापडाच्या बांधणीची लांबट वही, जिच्यात ड्रायव्हरांना दिलेल्या उचलीची नोंद असे आणि जी मुनीमजी कोणाच्याही हाती देत नसत. या सात वह्या सात जणांनी, सात वेगवेगळ्या कारणांसाठी ठेवलेल्या. मालकांची इच्छा एवढीच, की सकाळी चहा घेताना एका दृष्टिक्षेपात सारा कारभार दिसावा. इच्छा रास्त होती. पण डॅशबोर्ड 'घ्यायचा आहे' ही गोष्ट खरी नव्हती. तो घेतला गेला होता, आणि त्याच्यापायी एक माणूस घरी बसला होता.

त्याचे असे झाले. एका विक्रेत्याने नमुना म्हणून एक फलक महिनाभरासाठी लावून दिला होता. त्यात ड्रायव्हरांची एक क्रमवारी होती. कोणाची गाडी एका लिटरात किती किलोमीटर जाते, हे सर्वांत चांगल्यापासून सर्वांत वाईटापर्यंत रंगांत दाखविलेले. तळाच्या तीन नावांवर तांबडा रंग होता. तळाचा ड्रायव्हर संस्थेत अकरा वर्षे काम करीत होता. त्याची गाडी लिटरामागे जेमतेम एक किलोमीटर जाते असे फलक सांगत होता, आणि इतरांची तीनच्या आसपास. याचा अर्थ तो डिझेल विकतो असा झाला. मालकांनी त्याच्या पगारातून रक्कम कापली आणि पोलिसांत द्यावे की काय असा विचार सुरू केला. त्याचे म्हणणे इतकेच होते, की मी जास्त खेपा करतो म्हणून जास्त तेल लागते. पण लिटरामागचे अंतर खेपांच्या संख्येने बदलावयाचे कारण नाही, हे मालकांनाही कळत होते. म्हणून त्याच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

मी पडदा बाजूस ठेवून कागद घेतला आणि त्या ड्रायव्हरचा एकच दिवस लिहून काढावयास सांगितले. श्रोत्यांनीही मनातल्या मनात तो हिशेब करून पाहावा. सोपे आकडे घेतो. त्याने त्या दिवशी तीन खेपा केल्या. एका खेपेचे जाण्यायेण्याचे अंतर ४० किलोमीटर, म्हणजे दिवसाचे १२०. सकाळी त्याने एकदाच डिझेल भरले, ४० लिटर. लिटरामागे तीन किलोमीटर, हिशेब अगदी स्वच्छ. आता खेपांच्या वहीत त्या दिवसाच्या तीन ओळी आहेत आणि डिझेलच्या वहीत एक. दोन्ही वह्या जोडावयाच्या तर दुवा कोणता? विक्रेत्याच्या माणसाने गाडीचा क्रमांक आणि तारीख हा दुवा घेतला. यंत्राने आज्ञेप्रमाणे पहिल्या खेपेपुढे ती डिझेलची चिठ्ठी मांडली. दुसऱ्या खेपेचाही क्रमांक आणि तारीख तीच, म्हणून तिच्यापुढेही मांडली, आणि तिसऱ्या खेपेपुढेही. मग बेरीज केली. अंतर १२० किलोमीटर, डिझेल १२० लिटर. लिटरामागे एक किलोमीटर! शेजारचा दुसरा ड्रायव्हर घ्या. त्याने दिवसभरात एकच खेप केली, ४० किलोमीटर, आणि १४ लिटर डिझेल भरले. त्याची एका ओळीला एकच चिठ्ठी, त्यामुळे त्याचा हिशेब बरोबर निघाला आणि तो हिरव्या रंगात झळकला. म्हणजे त्या क्रमवारीत जो अधिक राबे तो अधिक चोर ठरत होता. तांबड्या रंगातील तिघेही संस्थेतले सर्वांत जास्त खेपा करणारे होते.

यात यंत्र बिघडलेले नव्हते. बेरीजही चुकलेली नव्हती. चूक होती ती दोन वह्यांतील एका ओळीचा अर्थ वेगळा आहे, हे कोणी न विचारण्यात. खेपांच्या वहीतील एक ओळ म्हणजे एक खेप. डिझेलच्या वहीतील एक ओळ म्हणजे एकदा भरलेली टाकी. उपग्रहाच्या वहीतील एक ओळ म्हणजे एक क्षण. मुनीमजींच्या वहीतील एक ओळ म्हणजे एका माणसाची एक गरज. या ओळी परस्परांशी थेट जोडता येत नाहीत. आधी प्रत्येक वहीची आपापली बेरीज, गाडीवार आणि दिवसवार, स्वतंत्रपणे करावयाची आणि मग त्या बेरजा शेजारी शेजारी मांडावयाच्या.

हे काही नवे ज्ञान नाही. आपल्याकडच्या जुन्या कारकुनांना ते पक्के ठाऊक होते. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराची रचना पाहिली म्हणजे याची प्रचीती येते. त्याचे मुख्यतः दोन भाग असत. रोजच्या कारभाराचे ते चालते दफ्तर आणि सर्व खात्यांचे हिशेब जेथे येऊन एकत्र होत ते एकबेरीज दफ्तर. हे दुसरे दफ्तर पुण्यातच असे. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब तेथे आले की त्यांची फोड करून खतावणी होई, आणि कोणत्या बाबीत जमा किती, खर्च किती, शिल्लक किती याचे गोषवारे तयार होत. रोजकीर्द ही घटनेच्या क्रमाने, खतावणी ही खात्याच्या क्रमाने आणि ताळेबंद हा सर्वांच्या शेवटी, हा क्रम कधी उलटत नसे. 'एकबेरीज' हा शब्दच किती अर्थपूर्ण आहे पाहा! नागपूरकर भोसल्यांच्या काळात मराठी कारभाराची वळणे छत्तीसगडातही पोहोचली होती. १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले. तेव्हा अहिवाऱ्यात बसून मी भाच्याला एकबेरीज दफ्तराची गोष्ट सांगितली, यात फारशी विसंगती झाली नाही असे मला वाटते. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "पण मामा, कोणता घ्यायचा?"

त्याच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आणखी दोन अडचणी सांगणे भाग आहे. कारण साधन निवडताना त्याच पुढे आडव्या येतात. पहिली नावाची. दुर्ग जिल्ह्यातील गाड्यांचा क्रमांक सीजी ०७ ने सुरू होतो. खाणीच्या काट्यावर तो सलग लिहिलेला, पंपावर मध्ये आडव्या रेघा देऊन, आणि मुनीमजींच्या वहीत नुसते शेवटचे चार आकडे. एका ठिकाणी तर शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' हे अक्षर पडलेले. माणसाच्या डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला मात्र दोन वेगळ्या गाड्या. दुसरी अडचण तारखेची, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याचा कामाचा दिवस पहाटे सहाच्या सुमारास उगवतो. जमाखर्चाचा दिवस मध्यरात्री बदलतो. आणि पुष्कळशी संगणकीय साधने, त्यांना वेगळे सांगितले नाही तर, ग्रीनिचच्या घड्याळाने चालतात. त्यांचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. रात्री साडेअकराला खाणीवर भरलेली गाडी दीड वाजता उतरली, तर ती कोणत्या तारखेची? महिन्याची अखेर असेल तर कोणत्या महिन्याची? रात्रपाळीच्या ड्रायव्हरांच्या मालात वरचेवर 'तूट' दिसे, तिचे बरेचसे मूळ येथे होते. उरलेले मूळ दगडाच्या ओलाव्यात होते. पावसाळ्यात भरलेली चुनखडी वजनात पाण्यासकट येते आणि पुढे हिशेब कोरड्या वजनावर होतो.

हा प्रश्न काही एका वाहतूक संस्थेपुरता नाही. त्याच भागातील धानखरेदीचे उदाहरण घ्या. छत्तीसगडात शेतकऱ्याकडून धान खरेदी करतात सहकारी समित्या. ते साठवून गिरण्यांकडे पाठविते राज्याचा विपणन संघ. गिरण्या ते भरडतात, आणि तांदूळ जातो नागरी पुरवठा महामंडळाकडे किंवा भारतीय अन्न महामंडळाकडे. शेतकऱ्याची जमीन महसुली कागदावर हेक्टरात आहे. खरेदीची मर्यादा २०२३-२४ च्या हंगामापासून एकरी २१ क्विंटल अशी एकरात सांगितली गेली. समिती मोजते ४० किलोंच्या पोत्यांत. गिरणीकडे जाते धान आणि तेथून निघतो तांदूळ. शंभर क्विंटल धानाचा साधा तांदूळ ६७ क्विंटल आणि उकडा ६८ क्विंटल असे सरकारी प्रमाण आहे. आता कोणी हौशी माणसाने साऱ्यांचे आकडे एका पडद्यावर आणून 'एकूण साठा' अशी बेरीज केली, तर त्या बेरजेत धान आणि तांदूळ एकत्र मिसळतील. गिरणीने धान तांदूळ करून परत पाठविले की साठ्यातून तेहेतीस टक्के माल नाहीसा झाल्याचे दिसेल, आणि दोष कोणावर तरी येईल. या राज्याने धानखरेदी आणि रेशन यांचे संगणकीकरण पुष्कळ लवकर केले आणि त्याचा देशभर बोलबाला झाला. त्यामागचे खरे श्रम पडद्यावरचे नव्हेत. पोते, क्विंटल, एकर, हेक्टर यांची भाषा एक करण्याचे ते श्रम आहेत.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना १६ जून २०२० हा दिवस आठवत असेल. करोनाच्या साथीत सारा देश रोज संध्याकाळी आकड्यांकडे डोळे लावून बसे. त्या दिवशी महाराष्ट्राच्या मृत्युसंख्येत एकाएकी १,३२८ ची भर पडली. त्यांतील ८६२ एकट्या मुंबईतील. ही माणसे त्या दिवशी गेलेली नव्हती. रुग्णालयांच्या, महापालिकांच्या आणि इतर याद्या ताडून पाहिल्यावर आधीच्या दिवसांतील ज्या नोंदी एकीत होत्या आणि दुसरीत नव्हत्या, त्या जोडण्यात आल्या. रोजच्या आलेखावर मात्र एकच उंच सुळका उभा राहिला. तो पाहून अनेकांच्या पोटात गोळा आला. मला आठवते, मी त्या रात्री रागावलो होतो. इतके दिवस हे काय करीत होते, असे वाटले. आज तो राग मला अर्धाच न्याय्य वाटतो. याद्या जुळविल्या हे त्यांनी योग्यच केले. चूक झाली असेल तर ती न जुळलेल्या नोंदींची संख्या रोज आकड्याशेजारी न छापण्यात.

आता साधनांविषयी. बाजारात नावे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा वकील आपापल्या परीने बोलतो. मला जे दिसले ते सांगतो. मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय २०१५ पासून सर्रास वापरात आले. त्याचे बलस्थान असे, की निरनिराळ्या तक्त्यांमधील नाती आधी ठरवून घ्यावी लागतात, आणि एका तक्त्यातील अनेक ओळी दुसऱ्यातील अनेकांशी जुळत असतील तर ते इशारा देते. आपल्या संगणकावर ते फुकट वापरता येते. पण तयार केलेला फलक इतरांना नीट वाटावयाचा झाला की सामान्यतः माणशी वर्गणी सुरू होते. टॅब्लो हे स्टॅनफर्डमधील संशोधनातून २००३ मध्ये निघालेल्या कंपनीचे. चित्रे काढण्यात त्याचा हात धरणारे थोडेच. २०२० पासून त्यातही प्रत्येक तक्त्याची ओळ आपापल्या पातळीवर ठेवून नाते जोडण्याची सोय आहे. मात्र ते महाग, आणि लहान संस्थेला त्याचा निम्मा उपयोगही होत नाही. गुगलचे साधन २०१६ मध्ये डेटा स्टुडिओ या नावाने आले आणि २०२२ मध्ये लुकर स्टुडिओ झाले. ते सुरू करावयास पैसे पडत नाहीत आणि अर्ध्या तासात फलक उभा राहतो. पण त्यातील तक्त्यांची जोडणी ही नुसती जोडणी असते. जोडण्याआधी बेरीज करावयाची की नाही, हा विचार सर्वस्वी आपला. अहिवाऱ्यात झालेली चूक तेथे सहज होऊ शकेल. अर्थात थोड्या बेफिकिरीने ती कोठेही होईल.

मेटाबेस आणि सुपरसेट ही दुसऱ्या जातीची साधने. सुपरसेटचा जन्म २०१५ मध्ये एअरबीएनबी या कंपनीत झाला. ही दोन्ही मुक्त आहेत. परवान्याचे पैसे न देता आपल्याच यंत्रावर चालविता येतात. पण त्यांची अपेक्षा अशी, की सारी माहिती आधीच एका कोठारात नीट लावून ठेवलेली असावी. ती सात वह्या स्वतः शिवत बसत नाहीत. शिवलेली चोपडी तुम्ही द्या, ती वाचून दाखवू, असा त्यांचा खाक्या. ग्राफाना हे तिसऱ्या जातीचे. २०१४ पासून ते यंत्रांच्या अखंड वाहत्या मोजमापांसाठी, म्हणजे भट्टीचे तापमान, पाण्याची पातळी, विजेचा दाब यांसाठी फार उपयोगी पडत आले आहे. गाडीच्या यंत्रातील क्षणाक्षणाच्या नोंदी पाहण्यास ते उत्तम, पण महिन्याचा जमाखर्च त्यात मांडणे म्हणजे तापमापकाने धान्य मोजण्यासारखे होय.

आणि एक साधन असे आहे की ज्याचे नाव कोणताही विक्रेता घेत नाही. ते म्हणजे एक्सेल. २०१६ च्या आवृत्तीपासून त्यातच निरनिराळ्या ठिकाणच्या याद्या ओढून, साफ करून, एकत्र करण्याची सोय अंगभूत झाली. तीस गाड्यांच्या संस्थेचे बरेचसे काम तेवढ्यात भागते. मोठे साधन घ्यावे ते माहिती इतकी वाढली की तक्ता उघडतानाच गुदमरू लागतो तेव्हा, किंवा चार माणसे एकाच वेळी चार प्रती बदलू लागून खरी प्रत कोणती हे कळेनासे होते तेव्हा. त्याआधी नव्हे.

मुक्त साधन फुकट असते, हाही एक गोड गैरसमज. परवाना फुकट असतो. ते चालू ठेवणारा माणूस फुकट नसतो. तो माणूस सोडून गेला की फलक एके दिवशी सकाळी कोरा दिसतो आणि का ते कोणालाच सांगता येत नाही. उलट विकतच्या साधनात दर वर्षीची वर्गणी वाढत जाते आणि आपली माहिती त्या कंपनीच्या घरात राहावयास जाते. म्हणून मी भाच्याला सांगितले, की करार करण्यापूर्वी एक दिवस उलटा प्रयोग कर. घातलेली सारी माहिती साध्या तक्त्याच्या रूपाने बाहेर काढून दाखवा, असे विक्रेत्याला म्हण. आणि दुसरा प्रयोग असा, की पडद्यावरील कोणत्याही एका आकड्यावर बोट ठेव आणि तो ज्या पावत्यांपासून झाला त्या पावत्यांपर्यंत जाता येते का ते पाहा. नमुन्याच्या फलकात हे करता आले नव्हते. तांबडा रंग होता, पण त्याच्यामागची चिठ्ठी दिसत नव्हती.

अशा फलकाची सर्वांत धाडसी कल्पना एका पोलाद-कारखान्याशी संबंधित माणसाच्या डोक्यातून निघाली, ही गोष्ट भिलाईच्या परिसरात हटकून आठवते. स्टॅफर्ड बीअर हे इंग्रज गृहस्थ शेफील्डच्या युनायटेड स्टील कंपनीत होते. १९७१ मध्ये चिली देशाच्या सरकारने त्यांना बोलावले. राष्ट्रीयीकृत कारखान्यांचे रोजचे आकडे टेलेक्सने राजधानी सांतियागो येथे आणावयाचे, संगणकावर तपासावयाचे आणि एका दालनात भिंतीवरच्या पडद्यांवर दाखवावयाचे, अशी ती योजना. दालनात सात फिरत्या खुर्च्या होत्या. बीअर यांचा आग्रह असा, की प्रत्येक कारखान्याचे थोडेच निर्देशक यावेत, आणि नेहमीच्या मर्यादेबाहेर जाईल तेवढेच वर कळवावे. १९७२ च्या ऑक्टोबरात तेथील मालमोटारवाल्यांचा मोठा संप झाला. त्या वेळी कामास आले ते त्या देखण्या खुर्च्यांचे दालन नव्हे. उपयोगी पडले ते टेलेक्सचे साधे जाळे. कोठे कोणता माल अडला आहे आणि कोठे गाडी उपलब्ध आहे, हे त्यावरून कळत राहिले. पुढे ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि ती योजना संपली.

अहिवाऱ्यातील संस्थेत शेवटी काय झाले ते सांगतो. ड्रायव्हरची कापलेली रक्कम त्याला परत मिळाली. मालक त्याच्या घरी स्वतः गेले, हे भाच्याने मला मुद्दाम कळविले. तो कामावर परतला, पण आठवडाभर कोणाशी बोलला नाही. भाच्याने एक लहान कोठार तयार केले. रोज रात्री त्यात सहा वह्यांच्या नोंदी जशाच्या तशा पडतात, त्यांतील एकही अक्षर बदलावयाचे नाही असा नियम आहे. दुसऱ्या कप्प्यात गाडीचे क्रमांक एकसारखे केलेले, तारखा कारखान्याच्या दिवसाप्रमाणे लावलेल्या. तिसऱ्यात गाडीवार, दिवसवार बेरजा. पडदा पाहतो तो फक्त या तिसऱ्या कप्प्याकडे. वर दाखविण्याचे साधन त्याने मेटाबेस निवडले, कारण कोठार आधीच झाले होते आणि महिन्याला माणशी पैसे मोजावयास मालक तयार नव्हते. मी एक्सेलच्या बाजूचा होतो. माझे त्याने ऐकले नाही, आणि आता पाहतो तर त्याने ठीकच केले. मुनीमजींची लाल वही मात्र त्याने बाहेरच ठेवली आहे. माणसांच्या उचलीचा आकडा भिंतीवर टांगावयाचा नाही, यावर मुनीमजी ठाम होते आणि मला त्यांचे पटले.

ड्रायव्हरांची क्रमवारी काढून टाकली आहे. पडद्यावर आता चारच आकडे असतात. कालच्या खेपा, कालचा उतरलेला माल, महिन्याचे लिटरामागचे अंतर आणि येणे बाकी. त्यांच्याखाली लहान अक्षरांत पाचवी ओळ आहे, 'न जुळलेल्या पावत्या'. मागल्या खेपेस मी गेलो तेव्हा तेथे अकरा हा आकडा होता, आणि भाचा पंपावर फोन करून त्यांतल्या एकीची तारीख विचारीत होता. तेवढ्यात तो जुना ड्रायव्हर डिझेलची चिठ्ठी द्यावयास आला. चिठ्ठीच्या पाठीवर त्याने त्या दिवसाच्या तिन्ही खेपांचे क्रमांक आपल्या हाताने, मोठ्या अक्षरांत लिहिले होते.